घडी मोडणारी

मागच्या दिवाळीत अक्षता पुण्याहून मंठ्याला आली ती डोक्यात एक नवं खूळ घेऊन. फराळाला हात लावायच्या आधी तिनं आईचं कपाट उघडलं आणि आतले सगळे हँगर उलटे टांगले. हुकाचं तोंड एरवी भिंतीकडं असतं, ते तिनं आपल्याकडं केलं. साधना चकलीच्या पिठाचे हात तसेच धरून दारात बघत उभी राहिली.

"आता असं करायचं," अक्षता म्हणाली. "जी साडी नेसशील तिचा हँगर परत ठेवताना सरळ लावायचा. नाही नेसलीस ती आपोआप उलटी राहील. पुढच्या दिवाळीला जे उलटं दिसेल ते कपाटाबाहेर. तेव्हा हिला किती पैसे पडले होते, ती कुणी दिली होती, असलं काही ऐकून घेणार नाही."

"आन द्यायच्या कुणाला?"

"ते नंतर. आधी तू खरंच काय वापरतेस ते तर कळू दे."

पलीकडं खाटेवर साधनाची सासू झुंबरबाई कापसाच्या वाती वळत बसली होती. वयानं थकली, पण कान अजून शाबूत. "आमच्या वेळंला दोन लुगडी," ती म्हणाली. "एक अंगावर, एक दोरीवर. काय नेसलं आन काय न्हाई, हे बघायला कपाट लागत न्हवतं."

साधनाला मात्र ते खूळ पटलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, पोरांची हजेरी घेण्यात जन्म गेलेला. साड्यांची हजेरी घ्यायला तिला काय जड होतं? शाळेतून आली, साडी बदलली, की हँगर सरळ करायचा. नवरा रामप्रसाद दोनचार वेळा चिडवून गेला, "मास्तरीणबाई, आज कोण गैरहजर?" मग तोही विसरला. वर्ष बघता बघता सरलं.

या दिवाळीला अक्षता आली आणि तिनं कपाट उघडलं. आधी हसली. मग एकेक हँगर सरकवत गेली तसं तिचं हसू कमी कमी होत गेलं. सरळ हँगरवर होत्या त्या सगळ्या जुन्या साड्या. कुणाचा रंग उडालेला, कुणाचा पदर विरलेला, एका मोरपंखी साडीचा काठ तर दोनदा रफू केलेला. आणि उलट्या हँगरवर सगळं नवं. फॉल लावलेल्या, पिको केलेल्या, ब्लाउजसुद्धा शिवून तयार असलेल्या साड्या, घडीला हात न लागलेल्या.

"आई, या तर तू एकदाही नेसली नाहीस."

"मन झालं न्हाई."

"मग घेतेस कशाला? आणि बघ ना, मावशीकडचे काका गेले त्या वर्षानंतरची एकही साडी सरळ नाही. एकही."

पोरगी हुशार, पण काय बोलून गेली ते तिला कळलं नाही. साधना तिच्या हातातून हँगर घेऊन म्हणाली, "करंज्या गार होऊन राह्यल्यात, खा आधी." आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. वर्षभर तिनं हजेरी घेतली होती, पण गैरहजर कोण हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

गोष्ट परकरापासूनची आहे. साधना लहान असताना तिला शाळेत जायला नवा परकर शिवला. पहिल्याच दिवशी ती त्यात पाय अडकून शाळेच्या पायरीवर पडली आणि हनुवटी फुटली. तो व्रण अजून आहे. त्या दिवशी तिची थोरली बहीण वंदना, स्वतःच एवढीशी, कमरेवर हात ठेवून आईला म्हणाली, "हिचं नवं कापड आधी मी घालत जाईन. काय नाट असंल ती माझ्या अंगाला लागंल. मी मोठी हाय." घरातले पोट धरून हसले. वंदना हसली नाही. त्या दिवसापासून साधनाच्या प्रत्येक नव्या कपड्याची घडी वंदनाच मोडत आली.

लग्नं झाली. साधना मंठ्याला आली आणि वंदना भोकरदनच्याही पलीकडं, धावड्याला. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात, पण एक या टोकाला आणि एक त्या. तरी साड्यांची ये-जा सुरू राहिली. कुणी पाहुणा निघाला की साधना त्याच्या पिशवीत नवी साडी सरकवायची. वंदना ती नेसून बाजारला जायची, बारशाला जायची, कुणी विचारलं की ऐटीत सांगायची, "माझ्या बहिणीची घडी मोडून राह्यले." मग न धुता साडी परत. वंदनाच्या घरी मिरचीचं पीक, ओसरीवर पोती रचलेली, ट्रंक त्या पोत्यांशेजारी. साडी परत आली, घडी उघडली, की साधनाला सटासट शिंका यायच्या. रामप्रसाद म्हणायचा, "आली वाटतं थोरलीची पावती."

आणि अजून एक खूण होती. वंदना डावरी. तिची घडी सगळ्या बायकांच्या उलट पडायची, पदराचं टोक भलत्याच बाजूला यायचं. उलटी घडी दिसली की अक्काचा हात लागला, एवढं साधनाला पुरायचं. शाळेत ती पोरांना अंधश्रद्धेचा धडा अगदी तळमळीनं शिकवायची. पण घडी न मोडलेली साडी नेसून शाळेत जायचं म्हटलं की तिचा हात हनुवटीकडं जायचा.

चार वर्षांपूर्वी तिनं एक जांभळी साडी धावड्याला पाठवली होती. वंदनाच्या शेजारी कुणाचंतरी जावळ होतं, त्याला ती नेसणार होती. साडी पोचल्याचा फोन आला. आणि त्याच आठवड्यात दुसरा फोन आला, की वंदनाचा नवरा भुजंग मिरचीच्या शेतात पाणी देता देता छातीत कळ येऊन गेला. गाडीत घालेपर्यंतही दम धरला नाही.

साधना गेली, दहाव्यापर्यंत राहिली. निघायच्या दिवशी ट्रंकेवर तिला ती जांभळी साडी दिसली. उलटी घडी. म्हणजे अक्कानं नेसली. काय नाट असंल ती माझ्या अंगाला लागंल, असं म्हणणारी ती एवढीशी पोरगी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. लागली, खरोखरच लागली, आणि अंगाला नाही, कपाळाला लागली. साधनानं ती साडी कुणाला न दिसेल अशी पिशवीत कोंबली, घरी आणून कपाटाच्या पार कोपऱ्यात टांगली आणि पुन्हा तिची घडी उघडली नाही.

त्यानंतर तिनं धावड्याला साडी पाठवली नाही. पाठवणार कशी? दाजी गेले, आता काय हरिओमवर पाठवायचं? हरिओम वंदनाचा एकुलता एक मुलगा. हे असलं कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. मनातल्या मनात उच्चारलं तरी जीभ जड व्हायची. त्यात झुंबरबाई एकदा, आपलं सहजच, म्हणाली होती, "आता वंदनाकडं साड्या नको पाठवीत जाऊ बाई. तिलाच अवघडल्यागत व्हईल." झुंबरबाई स्वतः तिशीत विधवा झालेली. ती वाईट मनानं बोलली नव्हती, जगानं तिला जे शिकवलं तेच तिनं पुढं सांगितलं. साड्या येणं बंद झालं तेव्हा वंदनानं काय समजायचं ते समजून घेतलं. तिनं कधी विचारलं नाही. फोनवर पिकाचं, पावसाचं, हरिओमच्या बायकोचं बोलायची, आणि साडीचा विषय दोघी बहिणी वाटेतल्या विहिरीसारखा वळसा घालून टाळायच्या.

या दिवाळीत आणखी एक गोष्ट झाली. अक्षताचं जमलं. मुलगा अंबडकडचा, पुण्यालाच तिच्या कंपनीत. तुळशीची लग्नं लागली की साखरपुडा, दारातच मांडव घालून. अक्षतानं स्वतःच्या पगारातून आईला डाळिंबी रंगाची रेशमी साडी आणली. साधनानं ती नेहमीसारखी साळूबाईकडं फॉलला दिली. मंठ्यात तिच्यासारखा फॉल कुणी लावत नाही. तिची एक खोड आहे. फॉल झाला की खोचायचं टोक दुमडून तिथं ती लाल दोऱ्याचा कच्चा टाका घालते, साडी कुठल्याही रंगाची असो. टोक लोंबत नाही, मळत नाही, आणि नेसताना आधी तो टाका तोडावा लागतो. "माझी घडी मोडल्याबिगर कुणाला नेसता येत न्हाई," असं ती हसून सांगायची.

साडी घरी आली. अक्षता म्हणाली, "आई, साखरपुड्याला ही नेसायची हं. हिला पण उलटी टांगलीस तर बघ."

साधनानं ती साडी मांडीवर घेतली. लेकीच्या आयुष्यातला पहिला शुभ दिवस, आणि त्या दिवशी अंगावर घडी न मोडलेली साडी? पण त्याहून मोठी गोष्ट तिला त्याच क्षणी कळली. ही साडी अक्काकडं गेली नाही, तर मग पुन्हा कधीच कुठली जाणार नाही. आता नाही तर कधीच नाही. चार वर्षांत बहीण थोडी थोडी करून परकी होत चालली होती, आणि सुट्टी संपायला थोडेच दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी तिनं सकाळची जालन्याची बस धरली.

जालन्याला बस बदलली, भोकरदनला पुन्हा बदलली. धावड्याला पोचेपर्यंत दुपार टळली. अंगणात लाल मिरच्या वाळत पसरलेल्या, आणि कडेला वंदना पोत्यावर बसून देठ खुडत होती. फिकट करड्या रंगाची साडी. दोरीवर तशीच दुसरी वाळत होती. साधनाला सासूचं बोलणं आठवलं, एक अंगावर, एक दोरीवर. कधीकाळी गर्द पिवळ्या साडीत भर बाजारातून मिरवत जाणारी तिची बहीण, तिच्या हजेरीत आता दोनच नावं उरली होती.

"आगं बाई, तू?" वंदना उठली. मिरचीचे हात म्हणून जवळ घेता येईना, तर मनगटानंच तिनं बहिणीचा गाल घासला. "फोन तरी करायचा. जेवली का? अक्षताचं समदं नक्की झालं?"

जेवण झालं, चहा झाला. साधनानं पिशवीतून डाळिंबी साडी काढली आणि तिच्यासमोर ठेवली. "अक्का, घडी मोडून दे."

वंदना साडीकडं बघत राहिली. ओसरीवर हरिओमची बायको काही निवडत होती, ती उठून आत गेली.

"मी?" वंदना म्हणाली. "हरिओमच्या बायकोला सांग ना. ती नवी हाय, गोरी हाय, तिला शोभंल."

"न्हाई. तूच."

"साधे, लेकीच्या साखरपुड्याला नेसणार ना तू ही?"

"व्हय. म्हणूनच."

साधनाला तेव्हा सगळं सांगायचं होतं. जांभळ्या साडीचं, दाजींचं, चार वर्षं उरात धरलेल्या भीतीचं. ती तोंड उघडायची आणि समोर भिंतीवर हार घातलेला भुजंगचा फोटो दिसायचा. माझ्या साडीनं तुझा नवरा नेला, हे बहिणीच्या घरात बसून म्हणायचं तरी कसं? ती एवढंच म्हणाली, "लई दिवस झाले अक्का. मला दुसऱ्या कुणाच्या हातची नको."

वंदनानं हात पदराला खसाखसा पुसले. डाव्या हातानं साडी उचलली, काठावरून बोट फिरवलं. "रंग लई झ्याक हाय," ती म्हणाली. "ठिव मंग. साखरपुड्याला येतानी घेऊन येते."

परतीच्या बसमध्ये साधना खिडकीशी बसून हसत होती. शेजारच्या बाईनं दोनदा वळून बघितलं.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी वंदना आली. करडीच साडी, हातात पिशवी. दारातच तिनं पिशवीतून डाळिंबी साडी काढून बहिणीच्या हातात दिली. "घे बाई तुझी साडी. आता बिनघोर नेस."

साधनानं तिथंच घडीचा एक पदर उलगडला. उलटी घडी! आणि पाठोपाठ शिंक. एक, दोन, तीन. रामप्रसाद मांडवातून ओरडला, "आली का पावती?" चार वर्षांनी. साधना हसता हसता रडली. वंदनाही हसली, पण लगेच पदर खोचून आत गेली. "पुऱ्यांची कणीक कुणी मळायचीय? दावा मला," असं म्हणत तिनं स्वयंपाकघर धरलं ते धरलंच.

सकाळ झाली. मांडवात खुर्च्या लागल्या, हलवायाचं मोठं पातेलं चुलीवर चढलं. पाहुणे अंबडहून निघाल्याचा फोन आला. अक्षताचं आवरणं चाललं होतं. साधना आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि डाळिंबी साडी उलगडली. खोचायचं टोक हाताला आलं. ते कमरेला खोचायला गेली तर टोक उघडेचना. तिनं खाली बघितलं.

लाल दोरा. साळूबाईचा कच्चा टाका, जसाच्या तसा.

साधनाला आधी काही उमगलंच नाही. मग तिनं तो टाका बोटानं चाचपला. हा तोडल्याशिवाय साडी नेसताच येत नाही. म्हणजे अक्कानं नेसली नाही. उघडून बघितली, उलटी घडी घातली, मिरच्यांशेजारी ठेवली आणि परत आणून दिली. आता बिनघोर नेस म्हणाली. घडी मोडली असं म्हणालीच नव्हती.

ती पलंगावर बसली. आणि बसल्या बसल्याच तिची नजर कपाटाकडं गेली. उलटी घडी म्हणजे अक्काचा हात लागला, एवढंच. अंगाला लागली असं थोडंच?

ती उठली. कपाटाच्या पार कोपऱ्यातला उलटा हँगर तिनं ओढून काढला. जांभळी साडी चार वर्षं एकाच घडीत राहून घडीवर फिकी पडली होती. तिनं ती भराभरा उलगडली. खोचायचं टोक सापडलं. लाल दोरा तिथंही होता.

भुजंग गेला तेव्हा ही साडी कुणाच्याच अंगाला लागलेली नव्हती.

चार वर्षं. चार वर्षं ती एका दोऱ्याइतक्या गोष्टीला भिऊन बहिणीपासून लांब राहिली. एकदा घडी उलगडून बघितली असती तर संपलं असतं. वर्षभर ती रोज हे कपाट उघडत होती, हँगर सरळ करत होती, आणि ही साडी हातभर अंतरावर टांगलेली होती. तिला रडूही येईना.

तिनं दार किलकिलं करून हाक मारली. "अक्का, इकडं ये जरा."

वंदना पिठाच्या हातांनी आली. दार लावून घेतलं. पलंगावर पसरलेल्या दोन्ही साड्या आणि त्यांची दुमडलेली टोकं तिनं बघितली.

"जांभळी नेसली न्हवतीस तू," साधना म्हणाली.

"कुठून नेसणार? रंग पाह्यला, तुला लई खुलंल म्हून पुन्हा घडी घालून ठिवली. जावळ दुसऱ्या दिवशी व्हतं. सकाळी हे शेतात गेल्ते..." वंदना थांबली. "काहून इचारती?"

मग साधनानं सांगितलं. अडखळत, तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. वंदना ऐकत राहिली. तिचे पिठाचे हात तसेच समोर धरलेले.

"म्हंजी तू त्यापायी बंद केलं?" ती हळूच म्हणाली. "माझ्यावर पुन्हा काही येऊ नये म्हून?"

"मंग तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, मी आता तसली झाले. तुला बी माझा हात नको." वंदनाचा आवाज फुटला. "समद्यांनी टाळलं त्याचं काही न्हाई वाटलं साधे. गावात हळदीला बोलवत न्हाईत, ओटी भरायला बोलवत न्हाईत, ठीक हाय. तुझी साडी येईना तवा वाटलं, आता खरंच झाले."

साधनानं तिला घट्ट धरलं. दोघींच्या मध्ये ते पिठाचे हात अवघडून तसेच राहिले. बाहेर मांडवात कुणीतरी माइक तपासत होतं.

"आत्ता मोड," साधना म्हणाली. तिनं दातानं डाळिंबी साडीचा लाल दोरा तोडला आणि टोक बहिणीच्या हातात दिलं. "हात पूस. घटकाभर अंगाला लाव. मंग मी नेसते. अजून पाहुणे यायचेत."

वंदनानं हात पुसले. डाव्या हातानं ते टोक धरलं, कमरेपर्यंत नेलं. साधना बघत होती. त्या एका घटकेत तिला ती कमरेवर हात ठेवलेली पोरगी दिसली.

वंदनाचा हात कमरेशी थांबला. मग तिनं ते टोक हळूच खाली ठेवलं.

"न्हाई साधे."

"अक्का, मी मानत न्हाई गं ते."

"तू मानत न्हाईस, हे मला कळलं. तेवढं मला आता जलमभर पुरंल." वंदना डोळे पुसत म्हणाली. "पण मी मानते. चार वर्षं समद्या जगानं सांगितल्यावर मानायला लागलेच मी. खरं का खोटं, देव जाणे. पण अक्षतावर पारखून न्हाई बघायची मी. तुझ्या अंगाची नाट मी घेतली असती. माझीच नाट मी कुठं ठिवू?"

वर्गात शिकवलेला एकही धडा साधनाच्या मदतीला आला नाही. बाहेरून झुंबरबाईची हाक आली, "सुनबाई, गाड्या आल्या! झालं का तुझं?"

साधना उठली. तिनं डाळिंबी साडीची घडी घातली आणि ती बाजूला ठेवली. कपाटातून दोनदा रफू केलेली मोरपंखी काढली. अक्कानं कधीतरी भोकरदनच्या बाजारात मिरवत घडी मोडलेली, आणि तेव्हापासून शाळेत नेसून नेसून मऊसूत झालेली.

"आगं, येड लागलं का? लेकीचा साखरपुडा आन ही?"

"हीच नेसणार."

वंदनाला कळलं. साधनानं भराभर साडी गुंडाळली, पदर घेतला. घाईत निऱ्या एका बाजूला सरकल्या. वंदना सवयीनं खाली गुडघ्यावर बसली, लग्नाच्या दिवशी बसली होती तशी, आणि निऱ्यांची खालची टोकं सारखी करायला तिनं डावा हात पुढं केला.

तेवढ्यात दार उघडलं. झुंबरबाईच्या मागोमाग मुलाची आई आणि दोन बायका आत आल्या, हातात ओटीचं ताट. "कुठं आहेत विहीणबाई?"

वंदनाचा हात निऱ्यांना लागायच्या आत मागं आला. ती चटकन उठली, भिंतीशी सरली, ताटावर आपली सावलीही पडू नये अशी. "हिच्या निऱ्या जरा नीट करा वो कुणीतरी," एवढं म्हणाली आणि पाहुण्यांच्या कडेकडेनं स्वयंपाकघरात निघून गेली.

एक बाई हसत पुढं वाकली. साधना एक पाऊल मागं सरली. "राहू द्या," ती म्हणाली. "चला."

साखरपुडा छान झाला. अंगठ्या झाल्या, साखरपुडे हातात पडले, पुऱ्या पुरून उरल्या. वंदना शेवटपर्यंत स्वयंपाकघराबाहेर आली नाही. अक्षता आत जाऊन तिच्या पाया पडली तर तिनं लांबूनच दोन्ही हात वर केले. दुपारच्या बसनं ती गेली.

संध्याकाळी अक्षता आईच्या खोलीत आवराआवर करत होती. पलंगावरची जांभळी आणि डाळिंबी तिनं हँगरवर घातल्या. "आई, मी आणलेली नेसली नाहीसच ना तू? आता या दोन्ही उलट्याच. नियमानं बाहेर काढायच्या."

"राहू दे त्या," साधना म्हणाली. "उलट्याच राहू दे."

अक्षतानं आईच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग विषय बदलायला तिनं मोबाइल पुढं केला. फोटो आले होते. पाटावर बसलेली लेक, शेजारी उभी आई, आणि प्रत्येक फोटोत आईच्या निऱ्या एका बाजूला घसरलेल्या.

"हे काय गं, सगळ्या फोटोंत वाकड्या! मावशी होती ना तुझ्याजवळ? तिनं नीट केल्या नाहीत?"

साधनानं फोटो बोटांनी मोठा केला. पडदाभर त्या वाकड्या निऱ्याच उरल्या.

"करणार व्हती," ती म्हणाली.